खुंट्यांचा डबा

मंजुळाबाईने आयुष्यात सव्वीस घरं बांधली आणि सव्वीसच्या सव्वीस आपल्या हाताने मोडली. धारूरच्या घाटावरच्या त्या गावात ह्याचं कुणाला काही वाटत नाही, कारण निम्मं गाव हेच करतं. दिवाळी झाली की टोळी ऊस तोडायला खाली उतरते, उसाच्या फडाजवळ बांबू-पाचटाच्या झोपड्या, कोप्या, उभ्या राहतात, आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की कोप्या सोडून बांबूंची मोळी ट्रॉलीत टाकायची नि गावाकडे यायचं. कोपी बांधणं हे बाप्यांचं काम, असं बापे म्हणतात. खड्डे तेवढे ते खणतात. मग तंबाखू मळत बसतात आणि बायका कामाला लागतात.

मंजुळाबाईची कोपी टोळीत नावाजलेली होती. दोरीवर तिचा भरवसा नव्हता. ती बांबूला भोक पाडायची आणि त्यात बांबूचीच खुंटी ठोकायची. बांबू जुने, वाळलेले, दर सालचे तेच. खुंटी मात्र ताज्या, ओल्या बांबूची. ओली खुंटी गोडीगुलाबीने आत जाते, गच्च बसते, आणि चार-पाच महिन्यांत वाळून बारीक होते. निघायच्या दिवशी अंगठ्याने ढकलली की पडली खाली. बांबू फुटत नाही, पुढल्या साली परत उपयोगी येतो. ही तिच्या आईची रीत. तिच्या आईने कुठून उचलली ते कुणाला माहीत नाही, आणि विचारायचं कुणाला सुचलंही नाही.

त्या साली पावसाने मृगात एकदा तोंड दाखवलं आणि पाठ फिरवली ती फिरवलीच. श्रावणातच टँकर सुरू झाले. कापूस गुडघ्याएवढा होऊन जागच्या जागी करपला. हिरवं काही दिसत असेल तर ती ओढ्याकाठची बांबूची बेटं. काही वर्षांपूर्वी कुठल्याशा योजनेत ती लावली, तेव्हा सगळ्या गावाने लावणाऱ्यांची टिंगल केली होती. आता त्याच गावाने तिथे सहकारी संस्था काढली. आमच्याकडे पाऊस पडला नाही की संस्था उगवतात. दुधाची झाली, कोंबड्यांची झाली, एका संस्थेच्या पाटीखाली तर आता शेळ्या बांधतात. त्यामुळे बायकांची बांबूच्या फर्निचरची संस्था निघाली, तेव्हा पारावरच्या मंडळींनी शेळ्या कुणाच्या बांधायच्या एवढाच प्रश्न विचारला.

चेअरमन झाल्या सत्यभामाबाई, माजी सरपंच विठ्ठलरावांच्या मंडळी. आवाज मोठा, मनही मोठं. बीडच्या एका वाचनालयाचे कार्यवाह भगवानराव त्यांच्या ओळखीचे; त्यांच्याकडून त्यांनी चोवीस खुर्च्यांचं काम आणलं. चोवीस पसंत पडल्या तर पुढे दोनशे. दोनशे म्हणजे संस्थेतल्या अकरा बायकांना दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत गावातच काम, आणि त्या साली टोळी नाही, फड नाही, कोपी नाही.

मंजुळाबाईला एवढंच हवं होतं. तिने आपल्या घरातला हिवाळा कधी पाहिला नव्हता. लग्न होऊन आली त्या दिवाळीपासून घराला कुलूप. पौषात ऊन कोणत्या भिंतीवर येतं, हे तिला तिच्याच घराचं ठाऊक नव्हतं. शिवाय शिवकन्या दहावीला होती. दर साली तिला उमापूरला मामाकडे ठेवायचं. तिथे ती शाळेच्या आधी दहा माणसांच्या भाकरी थापायची आणि वर्गात डुलक्या घ्यायची. ह्या साली पोरीला आपल्या चुलीपुढे बसवून शिकवू, असं मंजुळाबाईने नवऱ्याला, सुग्रीवला, सांगून टाकलं. कोपीचे जुने बांबूसुद्धा तिने संस्थेच्या शेडला देऊन टाकले.

"आन् खुर्च्या न्हाई पसंत पडल्या मंग?" सुग्रीव म्हणाला.

"कावून न्हाई पडणार?"

सुग्रीवने मुकादमाला, बंकटला, दसऱ्यापर्यंत थांब म्हणून सांगितलं.

शिकवायला आला धारूरचा आसाराम बुरूड. वय सत्तरीचं, बोटं बांबूच्या पेरासारखी. सुपं, टोपल्या, दुरड्या करण्यात जन्म गेला. निजामाच्या अमदानीत त्याच्या बापाने कुण्या तहसीलदाराला बिनखिळ्याची आरामखुर्ची करून दिली होती, असं तो सांगे. ती खुर्ची कुणी पाहिलेली नव्हती. पुण्याहून खुर्चीचं चित्र आलं होतं, त्यात सांध्यासांध्याला लोखंडी स्क्रू दाखवले होते. आसारामने कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि चहाच्या कपाखाली ठेवला.

"लोखंड गंजतं आन् बांबूला चिरतं," तो म्हणाला. "आपल्याला खाच आन् खुटी. बसायची जागा बी बांबूच्याच कामट्यांची. खुर्ची जुनी झाली तर उकिरड्यावर टाका, माती व्हईल."

पाठ कशी करावी ह्यावर दोन दिवस घोळ चालला. सरळ पाठ टोचत होती, तिरकी केली तर खुर्ची मागे पडत होती. शेवटी मंजुळाबाई न राहवून उठली. तिने एक बारीक बांबू घेतला, कोपीच्या छपराची कमान वाकवतात तसा गुडघ्यावर दाबून वाकवला आणि दोन्ही टोकं मागच्या पायांत बसवली. आसाराम टेकून बसला. बराच वेळ उठलाच नाही.

"बाई, हे तुला कुणी शिकविलं?"

"शिकवायला काय हाय त्यात? छपराला नुसतं आडवं केलंय."

तर खुर्चीचं ठरलं. मग आसारामने सगळ्यात मोठा नियम सांगितला. खुर्चीचं अंग ओल्या बांबूचं आणि खुंटी वाळलेली, चुलीवर महिनाभर धुरात धरलेली. अंग सुकतं तसं खुंटीला आवळत जातं. "मंग पाटील बसू द्या न्हाईतर पाटलाचा रेडा बसू द्या," तो म्हणाला. तोडलेला बांबू भिजवायला पाणी कुठलं, हा प्रश्न होताच. ओढ्याकडेच्या आडात तळाला हिरवं, जनावरंही तोंड लावणार नाहीत असं पाणी उरलं होतं. त्यात पंधरा-पंधरा दिवस बांबू बुडवायचं ठरलं.

मंजुळाबाईने मान हलवली, पण तिच्या डोक्यात गुंता झाला तो तिथून. हे तर तिच्या रीतीच्या अगदी उलटं होतं. सव्वीस वर्षं आपण चुकत होतो, की आपलंही बरोबर होतं? दोन्ही कसं बरोबर असेल? घरी जाऊन तिने सुग्रीवला विचारलं. तो म्हणाला, "भाकर वाढ." ह्यापेक्षा जास्त अक्कल त्या घटकेला त्याच्याकडे नव्हती.

खुंट्या तासायचं काम तिच्याकडेच आलं, कारण तिच्याइतका कोयता कुणाचा चालत नव्हता. आसारामने घरून वाळवून आणलेल्या खुंट्या पत्र्याच्या एका मोठ्या डब्यात होत्या. धुराने त्यांची डोकी तपकिरी झालेली. डबा मंजुळाबाईजवळ असायचा आणि ज्या बाईला लागतील तिने मूठभर न्यायच्या. काम झपाट्याने चाललं. खुर्च्या होत गेल्या तशा शेडमध्ये एकावर एक चढत गेल्या.

दसऱ्याला बारा-तेरा दिवस राहिले असताना आसारामची बहीण वारली आणि तो रेणापूरकडे गेला. त्या आठ दिवसांत डबा रिकामा झाला. बायका हात पसरून उभ्या. "मंजुळाबाई, खुट्या!" भिवराबाईचा तगादा तर असा, की जणू खुर्च्या तिच्याच घरी जायच्या होत्या. मंजुळाबाईने बांबू पुढ्यात ओढला आणि कोयता चालवला. खुंट्या तासल्या, डब्यात टाकल्या, बायकांनी नेल्या, ठोकल्या. दुसऱ्या दिवशी परत तासल्या. कामाची धुंदी काही वेगळीच असते. त्या आठ दिवसांइतकी ती कधी सुखात नव्हती.

आसाराम परतला तो भगवानराव यायच्या आदल्या दिवशी, सकाळीच. चोवीस खुर्च्या ओळीने मांडलेल्या बघून त्याचा चेहरा उजळला.

"खुट्या पुरल्या?" त्याने सहज विचारलं.

"सरल्या. मी नव्या केल्या."

"वाळविल्या ना?"

मंजुळाबाई आठवू लागली. वाळवल्या? चुलीवर शिंकाळ्यात खुंट्या टांगलेल्या तिला दिसत होत्या. पण त्या ह्या खेपेच्या, की शिकताना आधी केलेल्या? एक मोळी तिने नक्की टांगली होती. टांगून काढली कधी? आठ दिवसांत कुठली खुंटी वाळते? मग तिला ताज्या खुंट्यांचा हाताला लागलेला ओलसरपणा आठवला. तो ओलसरपणा हाताला इतका ओळखीचा, इतका बरोबर वाटला होता, की शंका यायला जागाच राहिली नव्हती.

"वल्या गेल्या," ती म्हणाली. "सगळ्या न्हाई. काई गेल्या."

"कोणच्या खुर्च्यांत?"

ते कसं सांगणार? जुन्या थोड्या उरलेल्या, त्यातच नव्या पडल्या. कुणी कुठल्या नेल्या, कुणी कुठे ठोकल्या. खुंट्यांची डोकी तासून, घासून सगळी सारखी गुळगुळीत केलेली. आसारामने एकेका खुंटीवर कोयत्याची मूठ आपटून कान लावला. वाळलेली ठण्ण बोलते, ओली दबून बोलते, असं तो म्हणाला. दहा खुर्च्या झाल्यावर त्याने कपाळ पुसलं.

"अंगच वलं हाय, सगळंच दबून बोलतंय. फाल्गुनाबिगर कळायचं न्हाई."

मग मंजुळाबाई स्वतः बसली. एक खुंटी ओली वाटायची, पुढची वाळलेली. परत पहिलीला ठोकलं की तीच वाळलेली. दुपारपर्यंत तिचे कान गेले कामातून. तिला सगळ्यात जास्त कसलं भय वाटलं असेल, तर आपल्याच हातांचं. मी राहायचं म्हणत होते आणि हे हात सुटायच्या खुंट्या तासत होते. ह्यांना माझ्या मनातलं कळत नाही, की माझ्याही मनात काही वेगळंच होतं?

घरी तिने सांगितलं तेव्हा सुग्रीवने आधी एवढंच विचारलं.

"आज घट्ट हायती न्हवं?"

"आज घट्ट हायती."

"मंग कुणाला कळणार हाय? दोनशाचं काम तर हातात येऊ दे. पुढल्या नीट करा."

शिवकन्या पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "आई, तू वाळवल्याही असशील. तुला आठवत नाही एवढंच."

तेही खरंच होतं. आठवत नव्हतं एवढंच. रात्रभर तिने दोन्ही बाजूंनी स्वतःशी वाद घातला आणि दोन्ही बाजूंनी ती हरली.

सकाळी भगवानराव टेम्पो घेऊन आले. खादीचा सदरा, जाड चष्मा, सभ्य माणूस. ते एका खुर्चीवर बसले, डुलले, उठले, दुसरीवर बसले. कमानीच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले, "वा! ह्यात बसून माणूस जाडजूड ग्रंथ वाचून काढील." सत्यभामाबाईंनी नारळ पुढे केला. टेम्पोवाला पहिली खुर्ची उचलायला वाकला.

"साहेब," मंजुळाबाई म्हणाली, "ह्यातल्या काई खुर्च्या उन्हाळ्यात सुटत्याल."

सगळे थांबले. सत्यभामाबाई आधी सावरल्या. "दमलीय ती, साहेब. रात्रंदिवस काम..."

"दमले न्हाई. खुट्या वल्या गेल्यात. माझ्या हातानं."

भगवानरावांनी खुर्ची हलवून पाहिली. "पण ही तर घट्ट आहे."

"आज हायच. चैतात न्हाई ऱ्हायची."

"ही?"

"ही का ती, ते न्हाई सांगता येत."

बिचारे भगवानराव गोंधळून गेले. खोटं बोलणारे दुकानदार त्यांनी पुष्कळ पाहिले होते. आपल्या मालाची आपण होऊन बदनामी करणारी, आणि तीही धड पुरावा न देता, अशी बाई ते पहिल्यांदा पाहत होते. चष्मा काढून त्यांनी पुसला, परत लावला. शेवटी म्हणाले, "बाई, वाचनालयात म्हातारी माणसं येतात. पडली तर? असं करू. खुर्च्या इथेच राहू द्या. मी गुढीपाडव्याला येतो. ज्या उभ्या असतील त्या नेतो."

टेम्पो रिकामा गेला. नारळ सत्यभामाबाईंच्या हातातच राहिला. कुणी मंजुळाबाईला शिवी दिली नाही, त्यापेक्षा दिली असती तर बरं झालं असतं. फक्त भिवराबाई जाता जाता म्हणाली, "तुला खरं बोलायची लई हौस. आता माझ्या लेकराला फडात थंडीत निजव." दसरा झाला. अकराच्या अकरा बायकांनी टोळीत नावं दिली, आणि दिवाळी होताच शिवकन्या उमापूरला गेली. एस.टी.च्या खिडकीतून तिने हात केला तेव्हा मंजुळाबाईला आपल्या दोन्ही हातांचा राग आला.

आसाराम तेवढा म्हणाला, "चुकली न्हाईस." मग म्हणाला, "चुकलीस बी. पर ते येगळं."

टोळी निघेपर्यंतचे दिवस तिने घरी बसून नुसत्या खुंट्या तासल्या आणि चुलीवर धुरात वाळवल्या. ज्या खुर्च्या सुटतील त्यांच्यासाठी. डबा काठोकाठ भरला. निघताना तो घरी ठेवायचा सोडून तिने बोचक्यात घातला. का, ते तिला सांगता आलं नसतं.

फडावर पोचल्यावर आपले जुने बांबू नाहीत हे लक्षात आलं. बंकटने ताजे, हिरवे बांबू दिले. दिवस मावळत होता, पोरं भुकेने रडत होती, प्रत्येकाला आपापल्या छपराची घाई. सुग्रीवने खड्डे खणले. मंजुळाबाईने भोकं पाडली, हाताला आलं ते ठोकलं, पाचट टाकलं आणि चूल पेटवली.

मग नेहमीचं सुरू झालं. पहाटेचा कोयता, डोक्यावर मोळ्या, गाडी भरणं. फरक एवढाच, की दर पंधरवड्याला सुग्रीवच्या फोनवर आसारामचा फोन यायचा. तो शेडमध्ये जाऊन खुर्च्यांवर पाळीपाळीने बसायचा.

"आज एक बोलली," तो म्हणायचा. म्हणजे एक खुर्ची कुरकुरली.

पौषात तीन बोलल्या. माघात आणखी चार. फोन आला की मंजुळाबाई कोयता खोचून धावायची, आणि नाही आला तर सुग्रीवला दिवसातून दोनदा फोन तपासायला लावायची. भिवराबाई पण आता फोन आला की मोळी टाकून जवळ येऊन उभी राहायची. फाल्गुन लागताना आसाराम म्हणाला, "नऊ सुटल्या. पंधरा अशा हायती, की मी वर उभा ऱ्हायलो." भगवानराव स्वतः येऊन बघून गेले होते. पंधरा पाडव्याला नेतो, नऊ नव्या करून द्या, दोनशेचं तेव्हा बसून बोलू, असा त्यांचा निरोप होता. बसून बोलू म्हणजे होय की नाही, ह्यावर अकरा बायकांत दोन दिवस खल झाला आणि निष्पन्न काही झालं नाही. पण भिवराबाईने त्या दिवशी आपल्या कालवणाची वाटी मंजुळाबाईकडे सरकवली.

दुष्काळामुळे ऊसच कमी होता. पट्टा फाल्गुनातच पडला, शिवकन्येच्या परीक्षेला पाच दिवस होते. एवढा आनंद मंजुळाबाईला पट्टा पडल्याचा कधी झाला नव्हता. सकाळी सगळ्यांनी कोप्या सोडायला घेतल्या. अर्ध्या तासात रान मोकळं झालं. मोळ्या ट्रॉलीत पडल्या, पोरं मोळ्यांवर बसली, बंकटने ट्रॅक्टर सुरू केला.

"अगं, ही सुटंना!" सुग्रीव ओरडला.

तो अंगठ्याने खुंटी ढकलत होता. मग दगडाने ठोकलं. मग खांद्याने सगळी कोपीच रेटली. कोपी होती तिथे होती. लोक हसायला लागले. मंजुळाबाई पुढे झाली आणि तिने खुंटीचं डोकं नीट पाहिलं. तपकिरी होतं, धुरातलं. तिने दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्या डब्यातल्या. हिरवे बांबू चार महिन्यांत सुकले होते आणि प्रत्येक खुंटीला जीव खाऊन आवळून बसले होते.

तिला आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि त्यातलं खरं कोणतं ते तिचं तिला कळेना. राहायचं म्हणत होती तेव्हा ह्या हातांनी सुटायच्या खुंट्या केल्या. सोडूनच जायच्या कोपीला ह्यांनी न सुटणाऱ्या ठोकल्या. दोन्ही वेळा त्यांनी तिला विचारलं नाही.

सुग्रीवने कोयता काढला. "तोडतो आता."

"तोडू नका."

"मंग काय, डोक्यावर घिऊन जायची?"

"ऱ्हाऊ द्या हितंच." तिने डोळे पुसले. "पुढल्या साली मी न्हाई येणार. दोनशाचं व्हय म्हनू देत न्हाईतर न्हाई म्हनू देत."

"अगं, टोळीत जोडी लागती, एकल्या बाप्याला कोण घेतं?"

"मंग तुमीबी नका येऊ."

बंकट हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता. "ऱ्हाऊ दे बे ती कोपी! बांबू माझे हायती, माझं मी बघीन. चल!" सुग्रीवने कोयता कमरेला खोचला. ट्रॉलीकडे दोन पावलं गेला, परत आला, आणि पुन्हा एकदा अंगठा लावून खुंटी सगळा जोर काढून ढकलली. ती तसूभर हलली नाही.

"लई घट्ट बसविलीस गं," तो म्हणाला.

"मला तरी कुटं ठावं व्हतं," मंजुळाबाई म्हणाली, आणि डबा काखेत मारून ट्रॉलीत चढली.